समेवर मान का डोलते आणि स्वप्नात तानपुरा का वाजतो?

डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव संपला की पुढचे चार दिवस पुण्यात एक ठरावीक जातीची माणसं दिसतात. डोळे तांबारलेले, गळ्यात मफलर, आणि भाजी घेतानासुद्धा मध्येच हवेत हात फिरवणारी. आमच्या सोसायटीतल्या एक काकू त्यातल्याच. यंदा सकाळी जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाल्या, "अहो, रात्रभर तानपुरा वाजत होता. झोपेत! आणि मी चक्क स्टेजवर गायला बसलेली. साडी मात्र नेसायची राहिलेली, नुसत्या परकरावर. समोर सगळं पुणं." हसून झाल्यावर जरा गंभीर होऊन विचारलं, "हे नक्की काय असतं हो? तुम्ही वाचत असता ना असलं काही."

त्याच दिवशी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन निरोप येऊन पडले होते. दरबारी राग ऐकल्याने निद्रानाश जातो, पोटातल्या बाळाला व्हिएन्नात गाजलेल्या मोझार्टचं संगीत ऐकवलं की ते हुशार निपजतं, आणि स्वप्नात साप दिसला तर धनलाभ होतो. तिन्हींच्या शेवटी "विज्ञानानेही मान्य केलंय" हे होतंच.

काकूंचा प्रश्न जिन्यात उभ्या उभ्या सुटणारा नव्हता. म्हणून हे लांबण.

अंधारातली नसलेली पायरी

पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना अंधारात उतरलेल्या माणसाला मेंदूविज्ञानाचा पहिला धडा आयता मिळालेला असतो. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच असावी. पार मणक्यापर्यंत हादरा बसतो. आता यात धक्का दिला कोणी? जमीन होती तिथेच होती. चुकला तो अंदाज. पाय उचलायच्या आधीच मेंदूने "पुढची पायरी इतकी खाली" असं ठरवून स्नायूंना हुकूम सोडलेला होता, आणि तोही तुम्हाला न विचारता.

पुणे स्टेशनवर गाडीत बसलेलं असताना शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि वाटतं, निघाली आपली. तोही अंदाजच. आपल्या प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर एक जागा अशी असते, जिथून डोळ्याची नस बाहेर पडते. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे समोरच्या दृश्यात एक भोक दिसायला हवं. ते जन्मभर दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ठिगळ लावतो, आणि ठिगळ इतकं बेमालूम की शिवण सापडत नाही.

आपली समजूत अशी की डोळे-कान म्हणजे खिडक्या. जग तिथून आत येतं आणि मेंदू टीपकागदासारखं ते टिपून घेतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं की आपलं पाहणं-ऐकणं हे नकळत काढलेलं अनुमान असतं. गेल्या काही दशकांत या विचाराने चांगलंच मूळ धरलं आहे. मेंदू सतत पुढच्या क्षणाचं भाकीत करतो, इंद्रियांकडून आलेल्या बातमीशी ते ताडून बघतो, आणि फरक पडला तरच नीट लक्ष घालतो. ओळखीच्या दुकानदाराचं उदाहरण घ्या. तुम्ही पायरी चढलात की त्याने नेहमीची पुडी बांधायला घेतलेली असते. "आज वेगळं हवंय" म्हणालात तरच तो मान वर करतो. (पुण्यात तेव्हाही करेलच असं नाही.)

यात काटकसर आहे. मेंदूचं वजन साधारण १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण आपण स्वस्थ बसलेले असताना शरीर जी ऊर्जा वापरतं, तिचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. दर क्षणी सगळं जग नव्याने वाचायचं म्हटलं तर हा खर्च परवडला नसता. सगळं मन याच एका कल्पनेत बसवायला अनेक मेंदूशास्त्रज्ञ तयार नाहीत, आणि मलाही ती घाई वाटते. पण गाणं आणि स्वप्न ही दोन कोडी शेजारी ठेवली तर ही एकच किल्ली दोन्ही कुलपांना बऱ्यापैकी लागते.

तिहाई: सुख नक्की कोणत्या क्षणाचं?

तीनतालाच्या एका आवर्तनात, म्हणजे चक्रात, १६ मात्रा, म्हणजे ठोके. पहिली सम, नववी खाली. गाणारा कुठेही भटकून आला तरी समेवर येणार हा करार असतो आणि बैठकीतला प्रत्येक जण त्याचा साक्षीदार. ज्याला मात्रा मोजता येत नाहीत त्याचीही मान अर्ध्या तासात समेवर पडायला लागते. त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मेंदूने आवर्तनाचा नकाशा आपणच आखून घेतलेला असतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना एक ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, मुख्य ठोका गाळला. गाळलेल्या ठोक्याची चुकामूक बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींत उमटली. बारसं व्हायच्या आधीच माणसाला सम कळते म्हणायची.

आता तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, आठवा. तबलजी एक बोल घेतो. पहिल्यांदा आपण नुसते ऐकतो. दुसऱ्यांदा तोच बोल आला की कान टवकारतात. तिसऱ्यांदा सुरू झाला की सगळ्या मांडवाला ठाऊक असतं, शेवटचा "धा" कुठे पडणार. श्वास अडकतो. धा. आणि हजारो तोंडांतून एकदम "वा!" हे सुख धा पडल्याचं, की पडणार हे कळल्याचं?

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलं. त्यासाठी डोपामिन हा एकच शब्द पत्करावा लागेल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात त्यातलं हे एक, आणि ओढ, हवंसं वाटणं, बक्षीस यांच्याशी त्याचा जवळचा संबंध. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांना त्यांच्या स्वतःच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूची छायाचित्रं घेतली. डोपामिन दोनदा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाढलं. एकदा काटा येतो त्या क्षणी. आणि त्याच्या आधी, तो येणार म्हणून वाट बघताना. म्हणजे तिहाईचं सुख धा पडायच्या आधीच हप्त्याने मिळायला लागलेलं असतं.

यावर हुशार वाचक म्हणेल, रसायन वाढलं म्हणजे सुख त्यानेच झालं कशावरून? रास्त शंका. २०१९ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्याचं उत्तर शोधलं. त्याच माणसांना एकदा डोपामिन वाढवणारी गोळी, एकदा ते दडपणारी आणि एकदा नुसतीच औषध नसलेली गोळी देऊन गाणी ऐकवली. पहिल्या गोळीने आनंद वाढला, दुसरीने घटला. गाण्यासाठी खिशातून किती पैसे काढायची तयारी आहे, तेही त्याच दिशेने हललं.

आणखी एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. २००५ मध्ये अमेरिकेत लोकांना ओळखीची गाणी ऐकवताना मधले काही क्षण गाळून तिथे शांतता ठेवली. त्या शांततेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग काम करत राहिला. गाणं अनोळखी असेल तर तितका नाही. आवाज बंद, गाणं चालू. ही गोष्ट लक्षात ठेवा, स्वप्नांकडे जाताना लागेल.

आपल्या कलावंतांना हे सगळं यंत्राविना ठाऊक होतं. समेच्या किंचित आधी येणं म्हणजे अनागत, किंचित नंतर येणं म्हणजे अतीत. अंदाजाला मुद्दाम हुलकावणी द्यायची आणि तिला रीतसर नाव ठेवायचं, हे फार पोचलेल्या परंपरेचं लक्षण आहे. तबल्यावरची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल, हीही काही उगाच नाही. साध्या चामड्यावरच्या आवाजातले उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या वजनाने ते जुळतात, म्हणून तबला षड्जात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे दाखवून दिलं होतं. असो, तबल्यात शिरलो की मला बाहेर काढावं लागतं.

पण शंभरदा ऐकलेलं गाणं?

अंदाज चुकण्यात मजा असेल तर पाठ झालेलं गाणं कंटाळवाणं व्हायला हवं. होत नाही. उलट नवीन चालीपेक्षा जुनीलाच फर्माईश जास्त.

कपिल देवने १९८३ च्या अंतिम सामन्यात उलटं धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला, ते दृश्य तुम्ही कितीदा पाहिलंय? झेल घेतला हे माहीत असतं. तरी चेंडू हवेत गेला की पोटात गोळा येतो. मानसशास्त्रज्ञ जमशेद भरुचा यांनी याचं स्पष्टीकरण असं दिलं की मेंदूत अपेक्षा दोन पातळ्यांवर चालतात. एकीला हे विशिष्ट गाणं पाठ असतं. दुसरीला फक्त अशा प्रकारच्या गाण्यांचा सर्वसाधारण रिवाज ठाऊक असतो, आणि ती पहिलीचं ऐकत नाही. सारख्याच लांबीच्या दोन रेघांना टोकाला उलटसुलट बाण काढले की एक लांब दिसते. मोजून बघितल्यावरही दिसतेच, तसं.

अर्थात सगळंच चुकलं तर तो नुसता गोंगाट होतो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अमेरिकी लोकप्रिय गाण्यांतल्या सुमारे ८०,००० स्वरसमूहांचा हिशेब मांडला. श्रोत्याचा अंदाज ठाम असताना चुकला तर मजा आली, आणि तो गोंधळलेला असताना गाणं सरळ चाललं तरीही मजा आली. चांगली गायिका विलंबितात, म्हणजे संथ लयीत, हेच करते: आधी राग पक्का बसवते, मग त्यातून थोडं पाऊल बाहेर टाकते.

घंटागाडीचं गाणं

सकाळी घंटागाडी येते, कचरा घेऊन जाते आणि गाणं मात्र ठेवून जाते. ऑफिसात अकरा वाजता फाइल बघताना तीच ओळ. बहुतेक सगळ्यांना हे होतं. फिनलंडमध्ये हजारो लोकांना विचारलं तेव्हा दहातल्या नऊ जणांनी आठवड्यातून एकदा तरी होतं असं सांगितलं. सोपी, चपळ चाल आणि तिच्यात एखादी अनपेक्षित उडी असली की ती अडकायची शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये एका प्रयोगात असं दिसलं की च्युइंगम चघळल्याने गाण्याचं येणं-जाणं कमी होतं. मनात गातानाही जबडा आणि जीभ चालवणारी यंत्रणा लागते, तिला दुसरं काम दिलं की गाणं उपाशी पडतं. मी भाजलेल्या बडीशेपेवर करून बघितलं. गाणं राहिलं, बडीशेप संपली.

१९५३ साली दोन ठिकाणी

सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी पं. भीमसेन जोशींनी पुण्यात महोत्सव सुरू केला ते १९५३ साल. त्याच वर्षी शिकागोहून यूजीन ॲसरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांचा एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ॲसरिन्स्कीने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशेजारी तारा चिकटवून त्याला झोपवलं होतं. रात्री मधूनच यंत्राच्या लेखण्या नाचायला लागल्या. मुलगा गाढ झोपेत, पण मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरत होती. अशा वेळी मोठ्या माणसांना उठवलं तर बहुतेक जण भरगच्च स्वप्न सांगत. या अवस्थेला इंग्रजी आद्याक्षरांवरून रेम झोप म्हणतात.

साधारण दीड तासाच्या चक्रात ही झोप एकदा येते, रात्रीतून चार-पाचदा. पहाटेकडची खेप लांब असते, म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त आठवतात. पहाटेची स्वप्नं खरी होतात या समजुतीमागे एवढंच असावं असा माझा कयास. रेम झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच चालतो आणि शरीर मात्र कुलूपबंद असतं: श्वास आणि डोळे सोडून बहुतेक स्नायू सैल पाडलेले. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतलं हे कुलूप काढून टाकलं, तर झोपलेली मांजरं उठून नसलेल्या उंदरावर झडप घालायला लागली. कधीकधी माणसाला जाग आधी येते आणि कुलूप निघायला उशीर होतो. डोळे उघडे, हात हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय. गावाकडे याला सरळ भुताच्या खात्यात टाकतात. ते भूत काही क्षणांनी, फार तर एक-दोन मिनिटांनी आपोआप उतरतं.

स्वप्नांचा अर्थ काय, यावर फ्रॉइडचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं: दडपलेल्या इच्छा वेषांतर करून येतात. अडचण अशी की हे म्हणणं खोटं ठरवायची सोयच त्यात नाही. साप म्हणजे हे, शिडी म्हणजे ते, आणि तुम्ही नाही म्हणालात तर तुम्ही दडपताय. १९७७ मध्ये ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी दुसरं टोक गाठलं. मेंदूच्या बुंध्यातून झोपेत अडाणी झटके निघतात आणि वरचा मेंदू त्यांची कशीबशी गोष्ट जुळवतो, बस्स. पुढे मार्क सोल्म्स यांनी असे रुग्ण दाखवले ज्यांची रेम झोप शाबूत, पण वरच्या मेंदूला इजा झाल्याने स्वप्नं थांबलेली. इतर झोपेतही स्वप्नं पडतात हे दिसलं. तेव्हा रेम झोप म्हणजेच स्वप्न, हे समीकरण आता कोणी इतक्या ठामपणे मांडत नाही.

सगळ्यात घट्ट पुरावा आहे तो आपल्या जुन्या म्हणीच्या बाजूने: मनी वसे ते स्वप्नी दिसे. फक्त "वसे"चा अर्थ जरा रुंद करायला हवा. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना तासन्‌तास टेट्रिस हा ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम खेळायला लावलं. झोप लागता लागता त्यांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांच्यात काही रुग्ण असे होते की ज्यांना नवीन काहीच लक्षात राहत नसे. आपण असा काही खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्यातल्याही काहींना ठोकळे दिसले. त्याआधी १९९४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं की जागेपणी एखाद्या जागेत फिरताना ज्या पेशी एकत्र चमकल्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चमकतात. दिवसभराचा रियाज मेंदू रात्री घोटतो.

आता जिना, तिहाई आणि ती शांततेतही चालू राहिलेली गाणी एकत्र आणा. जागेपणी मेंदू अंदाज बांधतो आणि जग त्याला टोकत असतं. झोपेत टोकणारा जवळजवळ गप्प होतो. स्वप्न म्हणजे तबलजी उठून गेल्यावरही रंगात येऊन चाललेलं गाणं. गाणारा कसलेला आहे, घराणंही त्याचंच, पण आता त्याला समेवर आणणारं कोणी नाही. एका रागातून दुसऱ्यात, कोथरूडच्या घरातून थेट शाळेच्या वर्गात. शिवाय मेंदूच्या पुढच्या बाजूचा, "हे कसं शक्य आहे?" असं विचारणारा भाग रेम झोपेत मंदावलेला असतो. म्हणून सवाईच्या स्टेजवर परकरावर बसल्याचं त्या क्षणी फक्त लाजिरवाणं वाटतं, अशक्य वाटत नाही.

स्वप्नातलं संगीत

इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गायक-वादक आणि इतर माणसांनी महिनाभर स्वप्नांची नोंद ठेवली. संगीतकारांना संगीताची स्वप्नं दुप्पटीहून जास्त पडत होती. रोज किती तास वाजवता याच्याशी त्याचा संबंध नव्हता. लहानपणी कितव्या वर्षी शिकायला लागलात याच्याशी होता. आणि आठवलेल्या संगीतातलं जवळजवळ निम्मं जसंच्या तसं कुठे ऐकलेलं नव्हतं. मेंदू नुसती रेकॉर्ड लावत नव्हता, चाल बांधत होता.

जागेपणीही हे घडू शकतं. उतारवयात ऐकू येणं कमी झालं की काहींना भिंतीपलीकडे भजन चालल्यासारखं वाटतं. घरचे घाबरतात, डोक्यावर परिणाम झाला म्हणतात. बहुतेकदा तसं काही नसतं. कानाकडून बातमी येईनाशी झाली म्हणून मेंदू आपल्याच साठ्यातून बातमी छापतो, आणि पुष्कळांना कानाचं यंत्र लावल्यावर बरं वाटतं. वाइल्डर पेनफिल्ड या मॉन्ट्रियलच्या शल्यविशारदाने फिट्सच्या रुग्णांवर, त्यांना जागं ठेवून शस्त्रक्रिया करताना, मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाला विजेचा हलका स्पर्श केला. फार थोड्यांना, पण काहींना त्या स्पर्शाने गाणं ऐकू आलं. खोलीत कोणी रेडिओ लावलाय असं त्यांना वाटलं.

इथे आपल्याकडचा वाचक तुकोबांची आठवण काढणार. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कविता करायला सांगून गेले, असं तुकोबा स्वतःच एका अभंगात सांगतात. विज्ञान यावर काय म्हणेल? एवढंच, की ज्याच्या मनात नामदेव वसलेले होते त्याच्याच स्वप्नात ते आले. देहूच्या शेजारघरी झोपलेल्या दुसऱ्या कोणाला त्याच रात्री बहुधा म्हशी दिसल्या असतील. याने अभंगाला कमीपणा येतो असं मला वाटत नाही.

स्वप्नं खरी झाल्याचं काय?

थोडं त्रैराशिक. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराची लोकसंख्या ५० लाखांवर होती. माणशी रात्री चार स्वप्नं धरली तर रात्रीची २ कोटी. एखादं स्वप्न निव्वळ योगायोगाने खरं ठरायची शक्यता दहा लाखांत एक एवढी क्षुल्लक धरली, तरी रोज सकाळी २० पुणेकर हबकून उठणार. त्या २० जणांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. उरलेली एक कोटी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे ऐंशी स्वप्नं दात घासताना विसरली जातात. सापाच्या धनलाभाचा हिशेब यातच आला.

दरबारी आणि मोझार्ट

मोझार्टचं प्रकरण १९९३ चं. अमेरिकेत ३६ कॉलेजकुमारांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, मग कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारखी कोडी घातली. गुण थोडे वाढले, आणि परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. बाळांचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. तरी पाच वर्षांत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी द्यायचा प्रस्ताव आणला. पुढच्या तपासण्यांत दिसलं की मन उल्हसित करणारं काहीही ऐकलं तरी तेवढाच फरक पडतो. गर्भातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत आवाज ऐकू येतात हे खरं, पण आईच्या गाण्याला त्यासाठी व्हिएन्नाचा परवाना लागत नाही.

आता दरबारी. संगीताने माणसावर परिणाम होतो याला उत्तम पुरावा आहे. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या ७३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. संगीत ऐकलेल्यांना वेदना आणि घालमेल कमी होती, वेदनाशामक औषधही कमी लागलं. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली आणि वाचा गेली. बोलता न येणारे शब्द त्या गाऊन म्हणू शकत होत्या, आणि उपचारांत त्याचा आधार घेतला गेला. विस्मरणाचा आजार झालेल्या आजींना मुलाचं नाव आठवत नाही, पण आरती सुरू केली की शेवटच्या कडव्यापर्यंत त्या चुकत नाहीत, हे कित्येक घरांत बघायला मिळतं. गाण्याची स्मृती मेंदूत अशा ठिकाणीही पसरलेली असते, जिथे हा आजार उशिरा पोचतो.

पण अमुक राग म्हणजे अमुक रोगावर गोळी, याला असा पुरावा नाही. झोप यायला शांत, ओळखीचं, संथ काहीतरी उपयोगी पडतं. ते दरबारी असो की आजीची अंगाई. रागांच्या वेळांचंही मला तसंच वाटतं. भैरव सकाळचा, कारण आपण तो पिढ्यान्‌पिढ्या सकाळी ऐकला.

मग राग आणि रस हे निव्वळ सवयीचे खेळ का? तेही पूर्ण खरं नाही. १९९९ मध्ये हिंदुस्थानी संगीत न जाणणाऱ्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले तेव्हा आनंद, दुःख आणि राग (हा कोपाचा) त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले. शांतरस मात्र चकवून गेला. लय, स्वरांची गुंतागुंत यातून काही भाव कोणत्याही माणसाला कळतात. उलट बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य कानांना बेसूर वाटणारे स्वरमेळ सुरेल मेळांइतकेच गोड वाटले. म्हणजे पाया सगळ्यांचा आणि वरचे मजले ज्याच्या त्याच्या गावचे. याखेरीज शंभरात तीन ते पाच माणसं अशी असतात की ज्यांना ऐकू नीट येतं, इतर सुखंही कळतात, फक्त संगीताने काही होत नाही. आपण त्यांना अरसिक म्हणून मोकळे होतो. त्यांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि सुखाचा भाग यांच्यातला रस्ता जरा अरुंद असतो, एवढंच.

आणि तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. डोपामिन कुठे वाढतं ते सांगता येतं. पण त्या वाढण्याचं "अहाहा" का होतं, मुळात काही जाणवतंच का? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स याला गेली तीसेक वर्षं कठीण प्रश्न म्हणत आले आहेत. त्यापुढे आजवर कोणाची तान गेलेली नाही.

झोपेचं दार किती बंद?

वर मी "जवळजवळ" गप्प म्हणालो, ते मुद्दाम. १९५८ मध्ये विल्यम डिमेंट यांनी रेम झोपेतल्या माणसांवर गार पाणी शिंपडलं, तर काहींच्या स्वप्नात छप्पर गळायला लागलं. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच ओळखणारी काही माणसं असतात. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी अशांना झोपेतच प्रश्न विचारले. "आठातून सहा गेले?" एकाने बंद पापण्यांआड डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे दोनदा फिरवले. दोन. काहींनी उठल्यावर सांगितलं, प्रश्न स्वप्नातल्याच एखाद्या जागेतून, जसं की गाडीच्या रेडिओतून, आला.

हे सगळं काकूंना सांगायला चार दिवसांनी वर गेलो. बेल दाबायच्या आधी दारातून काळी चारचा तानपुरा ऐकू येत होता. काकूंनी दार उघडलं तेव्हा हातात मोबाइल. "अहो, नातवाने यात तानपुऱ्याचं ॲप टाकून दिलंय रियाजासाठी. ते बंद कसं करायचं मला कळतच नव्हतं. चार रात्री उशाखाली चालू होतं हे!"

मी डिमेंटचं पाणी आणि गाडीचा रेडिओ सांगितला. काकूंनी चहा ओतता ओतता सगळं नीट ऐकून घेतलं.

"तानपुऱ्याचं कळलं," त्या म्हणाल्या. "साडीचं काय?"